फ्रिजातलं धारोष्ण दूध

नवस सासूबाई बोलल्या आणि फेडायचा मात्र मी! तोही सातव्या महिन्यात, शीतला मातेच्या देवळात बसून, आदल्या दिवशी शिजवलेलं थंड जेवण पोटभर खाऊन. हे मला कळलं तेव्हा होळी होऊन गेली होती आणि सप्तमी तोंडावर आली होती. मी कोर्टातून घरी आले, अजून चपलाही काढल्या नव्हत्या, आणि सासूबाई भेंडी पुसता पुसता म्हणाल्या, "यंदा तुला यायचंय हं माझ्याबरोबर मातेच्या देवळात. मी शब्द दिलाय तिला."

"कसला शब्द?"

"की माते, या वेळी पोर सुखरूप राहू दे, सून स्वतः येईल आणि तुझा ठंडा प्रसाद तिथेच बसून खाईल. एवढंच. काही डोंगर चढायला नाही सांगत तुला."

मी गप्प राहिले. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही. मी इंदूरच्या कोर्टात घर-जमिनीचे खटले चालवते आणि मी बोलायला उठले की समोरचा वकील आधी पाण्याची बाटली उघडतो. घरीही माझं तोंड कधी बंद नसतं. पण इथे माझी जीभ टाळ्याला चिकटली, कारण तो प्रसाद मी खाऊ शकत नव्हते, आणि का खाऊ शकत नव्हते ते सासूबाईंना सांगू शकत नव्हते.

ज्यांना आमच्या माळव्यातली ही सप्तमी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. होळीनंतरच्या सप्तमीला इथे घरात चूल पेटत नाही. आदल्या संध्याकाळी सगळं रांधून ठेवायचं, पुऱ्या, गुलगुले, गोड भात, दहीभात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मातेला नैवेद्य दाखवून दिवसभर घरादाराने थंडच खायचं. माता मुलांची राखणदार. गोवर, कांजिण्या, ताप, सगळं तिच्या हातात. तिला थंड आवडतं. त्या दिवशी कुणी विस्तव पेटवला तर तिला चटके बसतात आणि मग ती त्या घरावर रुसते. आमच्या पुण्याच्या नातेवाइकांना याची गंमत वाटते, कारण त्यांची शीतला सप्तमी श्रावणात असते. पण आमचं घराणं संस्थानी काळात कारकुनीसाठी इंदूरला आलं ते इथलंच होऊन गेलं. आता सुदामा नगरात घर आहे, रविवारी पोहे-जलेबी लागते, बोलणं मराठीत होतं आणि भांडण तापलं की आपोआप हिंदीत जातं.

तर मी तो प्रसाद का खाऊ शकत नव्हते, ते आता सांगते. आमचं पहिलं बाळ गेलं होतं. मुलगी होती. आठव्या महिन्यात मला ताप आला, अगदी हलका, अंग मोडून आलं, कंबर दुखली. मी म्हटलं, हवा बदललीय, होतं असं. तापाची गोळी घेतली आणि तारखेला कोर्टात गेले. पुढे लगेचच कळा सुरू झाल्या. ती जन्माला आली ती आजारीच. रडली नाही, नुसती कण्हली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकात नळी, पायाला सुई, आणि दोन दिवसांत सगळं संपलं.

काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी आम्हा नवरा-बायकोला बोलावून घेतलं. बाळाच्या रक्तात जंतू सापडला होता. लिस्टीरिया. हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. त्या म्हणाल्या, हा जंतू अन्नातून पोटात जातो. आईला झाला तर साधा ताप येतो, कधी तोही येत नाही, पण तो वारेतून बाळापर्यंत पोचतो आणि बाळाला मात्र सोडत नाही. पोटात गेल्यावर आठवड्यांनी सुद्धा डोकं वर काढतो, त्यामुळे नेमकं कशातून आला हे सांगणं कठीण. मग त्यांनी विचारलं, "कच्चा दूध पिया था क्या? बिना उबाला? या फ्रिज में रखा ठंडा खाना? ये फ्रिज में मरता नहीं है, धीरे-धीरे बढ़ता रहता है."

माझ्या नवऱ्याने मान वर करून पंख्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. दोघांनाही एकच गोष्ट आठवली होती.

सासूबाईंच्या मावसभावाची हातोदला शेती आहे, गाई आहेत. मला दिवस गेले तसं त्यांनी फर्मान काढलं की माझ्या सुनेला डेअरीचं पाणी नको, घरच्या गाईचं दूध हवं. मामा कामानिमित्त इंदूरला यायचे तेव्हा बरणी देऊन जायचे. बाकीचं दूध सासूबाई उकळायच्या, पण माझ्या वाटणीचं आधीच काढून ठेवायच्या, कारण माझ्यासाठी ते धारोष्ण होतं. धारोष्ण दूध उकळलं की त्यातली ताकद जाते असं त्यांचं ठाम मत. आता मामा सकाळी धार काढून हातोदहून बसने यायचे, वाटेत त्यांची दहा कामं, घरी पोचेपर्यंत दुपार. मग ते नासू नये म्हणून सासूबाई ते झाकणाच्या लोट्यात घालून फ्रिजात ठेवायच्या, आणि मी पुढचे दोन-तीन दिवस त्यातलं वेलची घालून प्यायचे. मी त्यांना चिडवायचे सुद्धा, "अहो आई, फ्रिजातलं कसलं आलंय धारोष्ण? याला काय म्हणायचं आता, बर्फोष्ण?" त्या म्हणायच्या, "तू पी गुपचूप. वकिली कोर्टात कर." आणि मी प्यायचे. मला आवडायचं ते, खोटं कशाला बोलू.

दवाखान्याबाहेर पार्किंगमध्ये स्कूटरला टेकून आम्ही ठरवलं की आईंना यातलं एक अक्षर सांगायचं नाही. डॉक्टरीणबाई स्वतःच नक्की सांगू शकत नव्हत्या. आणि समजा तेच दूध असलं, तरी सांगून बाळ थोडंच परत येणार होतं? त्या बाईने लोटा धुऊन पुसून, त्यावर स्वतःच्या हाताने झाकण ठेवून मला तो दिला होता. नवरा म्हणाला, "ये सुन के वो मर जाएगी यार." मी म्हटलं, "मग गप्प बसूया." सासूबाईंना आम्ही सांगितलं की इन्फेक्शन होतं, कशामुळे ते कळत नाही. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मला तेव्हा वाटलं होतं, बरं झालं, सुटलो.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सरळ नियम घालून दिले. दूध खळखळ उकळलेलं. जेवण ताजं आणि वाफाळतं. फ्रिजातलं काही खायचं असेल तर आधी चांगलं गरम करायचं. थोडा जरी ताप आला तरी घरी बसायचं नाही, थेट दवाखाना, कारण वेळेवर औषध सुरू झालं तर या जंतूला आवर घालता येतो. मी हे नियम कोर्टाच्या हुकमासारखे पाळले. हातोदचं दूध आलं की मी नाक मुरडायचे, "मला कच्च्याचा वास येतो बाई, मळमळतं." सासूबाई कुरकुर करत ते उकळायच्या. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग हा नवस!

दुसऱ्या दिवशी मी मन घट्ट करून सांगितलं, "आई, मी देवळात येईन, हात जोडीन, म्हणाल तर खणा-नारळाने ओटी भरीन. पण थंड खाणार नाही. डॉक्टरांनी नाही म्हटलंय."

"डॉक्टरला काय कळतंय मातेचं?"

"आणि मातेला काय कळतंय माझ्या पोटाचं?"

हे बोलायला नको होतं. तोंडातून गेलं खरं. सासूबाईंनी हातातली कढई ओट्यावर आपटली आणि माझ्याशी अबोला धरला. त्यांचा अबोला म्हणजे मोठा तमाशा असतो. मी समोर बसलेली असताना त्या लेकाला सांगणार, "तिला विचार, भाजीत तिखट चालेल का." तो बिचारा वीज मंडळातला इंजिनीयर, दिवसभर फॉल्ट काढून दमून येतो, तो मान वळवून मला विचारणार, "तिखट चालेल का?" मी म्हणणार, "चालेल म्हणावं." असं दोन जेवणं चाललं.

शेवटी तो आमच्या खोलीत येऊन म्हणाला, "तू एक घास खा ना यार. एका घासाने काय होतंय? आईचं मन राहील."

माझं डोकंच फिरलं. "एक घास? तुला आठवतंय ना ती पेटी? का विसरलास?"

तो पलंगाच्या कडेला बसला आणि तळहात चोळू लागला. मग म्हणाला, "नाही विसरलो. मग सांगून टाकू तिला खरं."

"तू सांग. तुझी आई आहे."

"मला नाही जमणार."

"मग मला कसं जमेल?"

आम्ही दोघेही भित्रे निघालो. मी ठरवलं की सप्तमीला सरळ माहेरी जाऊन बसायचं, होईल तो बोभाटा होऊ दे. बाळापुढे मला कुणाच्या रुसव्याची पर्वा नव्हती. पण रात्रंदिवस मला हेच वाटत होतं की बाळ तर मी वाचवीन, आणि या घरातली आई मात्र गमावून बसेन. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना आई म्हणतेय आणि मनापासून म्हणतेय. माझ्या काळ्या कोटाची इस्त्री आजही त्याच करतात, दुसऱ्या कुणाची त्यांना पसंत पडत नाही.

रविवारी सकाळी नवरा पोहे आणायला गेला होता. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. सासूबाई कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर न बघता अबोला मोडला.

"त्या वर्षी तू चहा केला होतास."

"कुठल्या वर्षी?"

"पहिलीच्या वेळी. सप्तमीला. मी देवळातून आले तर सिंकमध्ये चहाचं पातेलं होतं. हात लावला तर गरम."

मला आठवायला वेळ लागला, आणि मग आठवलं. खरंच केला होता. त्या दिवशी मोठी तारीख होती, डोकं ठणकत होतं, त्या देवळात गेल्या होत्या. मी पटकन गॅस पेटवून कपभर चहा करून प्याले आणि निघून गेले. सप्तमी माझ्या डोक्यातही नव्हती.

"मी ते पातेलं घासून ठेवलं," त्या म्हणाल्या. "कुणाला बोलले नाही. याला पण नाही. तुला तर जन्मात बोलले नसते. पुढे जे झालं ते झालं. तुझं काळीज आधीच फाटलेलं, त्यात मी कशाला आणखी चिरा पाडू? मीच मातेची माफी मागितली. चहा सोडला."

सासूबाईंनी चहा सोडला होता, हो, पण आम्हाला त्यांनी पित्ताचं कारण सांगितलं होतं. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा आल्याचा कडक चहा लागणारी बाई, आमच्यासमोर बसून कोमट पाणी पीत होती. माझ्या चुकीसाठी. जी माझी चूक नव्हतीच!

आधी मला राग आला, खोटं नाही सांगत. असा राग आला की कानशिलं तापली. म्हणजे इतके दिवस ही बाई मनात धरून बसली होती की माझ्या एका कप चहाने माझी मुलगी गेली? मी ओरडले, "चहाने नाही हो आई! दुधाने गेली ती!"

बोलले आणि जीभ चावली. पण बाण सुटला होता.

"कुठल्या दुधाने?"

"काही नाही. असंच बोलले."

"असंच बोलणारी तू नाहीस. कुठल्या दुधाने? बाहेर काही प्यायली होतीस?"

"नाही."

"मग?"

मी लोकांची उलटतपासणी घेऊन जगते. कुठे थांबायचं, कुठे प्रश्न फिरवायचा, सगळं मला येतं. पण त्या कोथिंबिरीच्या ढिगाशेजारी माझं एकही अस्त्र चालेना. मी म्हटलं, एक जंतू असतो, अन्नातून येतो, मोठ्या माणसाला काही करत नाही, पोटातल्या बाळाला मारतो. कुणीच नक्की सांगू शकत नाही. डॉक्टरसुद्धा नाही.

"कच्च्या दुधात असतो?"

"असू शकतो. उकळलं की मरतो."

"आणि फ्रिजात ठेवलं की?"

मी रिकामा पेला पुन्हा भरायला लागले. त्यांनी हातातली काडी खाली ठेवली.

"हातोदचं," त्या म्हणाल्या.

"आई, खरंच नक्की माहीत नाही."

"तुला काय वाटतं ते सांग. तुझ्या पोटची होती, तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, तेच असावं."

त्या रडल्या नाहीत. ओट्याला धरून उठल्या, पुन्हा बसल्या. पदराने विनाकारण हात पुसले. मग म्हणाल्या, "तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी तू मला आई म्हणत राहिलीस?"

"मग काय म्हणू? तुम्ही पण ते पातेलं घासून ठेवलंत ना?"

आणि मग आम्ही दोघी रडलो. मी तर अगदी नाक वाहेपर्यंत. नवरा पोह्यांचा पुडा घेऊन दारात आला आणि आम्हाला बघून तसाच उभा राहिला. त्याला वाटलं, बाळाला काहीतरी झालं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "क्या हुआ? अरे क्या हुआ, कोई बोलो तो!" सासूबाई म्हणाल्या, "काही नाही झालं. ताटल्या काढ." पोहे गार होऊन गेले. मी म्हटलं, मला गरम करून द्या, आणि त्यांनी ते कढईत घालून असे परतले की खालून करपले. मी मुकाट्याने करपलेले पोहे खाल्ले.

वाटेल की एवढं झाल्यावर नवस निकालात निघाला. छे! सासूबाई तशा नाहीत. संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुझा जंतू खरा असेल. मी नाही म्हणत नाही. पण माझी माता पण खरी आहे. मी तिला शब्द दिलाय आणि तो आता गळ्याशी आलाय."

"मग काय करायचं?"

"मला माहीत नाही. तू थंड खाऊ नकोस, एवढं नक्की. बाकीचं मी बघते." आणि मग हळूच, "माझ्या हातून पुन्हा नको गं."

हे शेवटचं वाक्य त्यांनी असं म्हटलं की माझा सगळा ताठा उतरला. मी त्यांचा हात धरून बसले. टीव्हीवर कसलीतरी मालिका चालू होती, ती कुणीच बघत नव्हतं.

सप्तमीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखं सगळं रांधलं. सकाळी अंघोळ करून, नैवेद्याचं ताट झाकून एकट्याच देवळात गेल्या. मला चल म्हणाल्या नाहीत. मी नवऱ्याला सांगितलं होतं की माझं जेवण बाहेरून आण, गरम असेल असं काहीतरी, आणि आईंच्या नजरेस पडू देऊ नकोस. तो स्कूटरची चावी शोधत होता तेवढ्यात सासूबाई परत आल्या. कपाळावर मोठं कुंकू, हातात प्रसादाचं ताट. कुणाशी न बोलता सरळ स्वयंपाकघरात गेल्या, आणि पाठोपाठ गॅसचा लाइटर वाजला.

आम्ही दोघेही धावत आत गेलो. शेगडी पेटली होती. सप्तमीला, त्या घरात, त्यांच्या हाताने! प्रसादाचा गोड भात त्यांनी जाड बुडाच्या पातेल्यात घातला होता, वर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलं होतं.

"आई, आज?" नवरा एवढंच म्हणाला.

"तू बाहेर बस."

त्या झाकण काढून हलवत राहिल्या, पुन्हा झाकत राहिल्या. डावाची कड पातेल्याला लागून खणखण वाजत होती. भाताला सणसणीत वाफ आली, वेलचीचा वास सुटला, तरी त्यांचं समाधान होईना. मी म्हटलं, "आई, झालं हो, बस्स." तेव्हा गॅस बंद केला. ताटात भात वाढला, पुऱ्या तव्यावर टाकून गरम केल्या, आणि माझ्यासमोर ठेवल्या.

"खा. प्रसादच आहे. तिने उष्टावलेलाच आणलाय."

"आणि तुमची माता?"

"तिला सांगून आलेय." त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. "म्हटलं, मी घरी जाऊन तुझ्या दिवशी गॅस पेटवणार आहे. तुला चटका बसेल, मला माहीतेय. पेटवणारी मी. सून नाही. काय रुसायचं ते माझ्यावर रुस, तिच्याकडे आणि पोराकडे बघायचं नाही. तसंच कोणाला न्यावंसं वाटलं तर मला ने."

त्या म्हणाल्या, "निवायच्या आत खा म्हणतेय ना!" आणि मी खाल्लं, जीभ भाजेपर्यंत गरम, ताट पुसून. त्या स्वतः दिवसभर थंडच जेवल्या.

त्यानंतरचे दोन महिने घरात सगळ्यात जास्त कोण घाबरलं असेल तर त्या. मला फक्त जंतूची भीती होती, त्यांना जंतूची पण होती आणि मातेची पण. मी शिंकले की कपाळाला हात. थर्मामीटर कनवटीलाच. फ्रिजातली भाजी त्या इतकी उकळायच्या की ती भाजी आहे की काढा ते ओळखू येत नसे. आणि मी, एवढी बडबडी, एवढी भांडखोर, एकदाही तक्रार केली नाही. हातोदच्या मामांनी बरणी आणली की दारातच त्यांना दम मिळायचा, "दादा, तुझ्या गाईवर माझा राग नाही, पण हे आल्या आल्या पातेल्यात जाणार."

मेच्या उन्हात मुलगी झाली. दिवस पूर्ण भरलेले, ताप नाही, काही नाही. बाहेर आल्याबरोबर तिने असा टाहो फोडला की दाई हसून म्हणाली, "वकील साहिबा, आपकी ही है." डॉक्टरीणबाईंनी खबरदारी म्हणून तिला तपासलं, काही वेळ नजरेखाली ठेवलं आणि मग माझ्या कुशीत आणून दिलं.

सासूबाई खोलीत आल्या आणि दारातच थबकल्या. मी म्हटलं, "या ना आई, घ्या हिला." त्या आल्या, पण हात पुढे करेनात. वाकून बघत राहिल्या. नाक बघितलं, कपाळ बघितलं, मुठी बघितल्या. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, "ती पण अशीच होती का गं?"

त्यांनी पहिलीला पाहिलंच नव्हतं. काचेच्या त्या खोलीत आई-बापाशिवाय कुणाला सोडत नव्हते, आणि नंतर आम्ही सगळं इतकं घाईघाईने आवरलं की आजीला दाखवायचं कुणाला सुचलंच नाही. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

"थोडी लहान होती," मी म्हटलं. "पण केस जास्त होते. खूप. काळेभोर. आणि हनुवटी तुमच्यासारखी."

"माझ्यासारखी?"

"अगदी तुमच्यासारखी."

त्यांनी हाताने स्वतःची हनुवटी चाचपून पाहिली, आणि माझ्या पलंगावर बसून त्या नातीसाठी पहिल्यांदा मोठ्याने रडल्या. मीही रडले. आम्ही दोघी तिच्यासाठी अजून बराच वेळ रडलो असतो, पण या दुसरीला भूक लागली होती. तिने एवढा गोंधळ घातला की आम्हाला डोळे पुसून तिच्याकडे बघावं लागलं.